मूळ, नक्कल आणि तपशील : केडलस्टन हॉल, कलकत्त्याचे गव्हर्न्मेंट हाउस आणि मुंबईचा टाउन हॉल यांची वास्तुसमीक्षा

१. प्रास्ताविक

मराठीत वास्तुकलेविषयी जे समीक्षात्मक लेखन होते, ते बहुधा शैलीच्या नावापाशी येऊन थांबते. इमारत नवअभिजात शैलीची आहे, गॉथिक आहे की इंडो-सारासेनिक आहे, हे एकदा निश्चित झाले की मूल्यमापन पूर्ण झाले असे मानले जाते. वसाहतकालीन इमारतींच्या बाबतीत या वर्गीकरणाला आणखी एक शेरा जोडला जातो : ही इमारत विलायतेतील अमुक इमारतीची नक्कल आहे. कलकत्त्याच्या गव्हर्न्मेंट हाउसविषयी हा शेरा विशेष रूढ आहे. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील केडलस्टन हॉल या प्रासादगृहाची ती प्रतिकृती होय, असे वारंवार सांगितले जाते.

या विधानात तथ्य आहे. परंतु ते अपुरे आहे. 'नक्कल' हा शब्द वापरला की मूळ वस्तू पूर्ण, प्रमाणभूत व श्रेष्ठ आणि दुसरी वस्तू दुय्यम, हे आपोआप गृहीत धरले जाते. प्रत्यक्ष इमारतींचे तपशील, म्हणजे स्तंभांचे द्रव्य, प्रकाशाची सोय, उपवास्तूंची संख्या, कोनाड्यांतील मूर्ती, खिडक्यांवरील छपऱ्या इत्यादी, तपासले असता हे गृहीतक टिकत नाही. त्याचबरोबर, नकलेच्या आरोपातून मुक्त झालेली इमारत केवळ तेवढ्यानेच चांगली ठरत नाही. या दोन्ही मुद्द्यांचा विचार प्रस्तुत लेखात उपरोक्त दोन इमारती आणि त्यांच्या तुलनेत मुंबईचा टाउन हॉल यांच्या आधारे केला आहे.

२. न बांधलेल्या घराची परंपरा

इंग्लंडमध्ये 'कंट्री हाउस' या नावाने ओळखली जाणारी गृहे ही जमीनदार उमरावांची खेड्यातील निवासस्थाने होत. त्यांचा आकार आणि थाट राजवाड्याचा असला, तरी कायद्याने व व्यवहाराने ती खाजगी घरेच होती. केडलस्टन हॉल हे त्यांतील एक अग्रगण्य उदाहरण आहे. नॅथॅनिएल कर्झन, जो १७६१ मध्ये लॉर्ड स्कार्सडेल झाला, त्याने १७५९ मध्ये या घराचे काम सुरू केले. आरंभी मॅथ्यू ब्रेटिंगहॅम, नंतर जेम्स पेन आणि अखेरीस इटलीतील अभ्यास संपवून परतलेला रॉबर्ट अ‍ॅडम, असे तीन वास्तुकार अल्पावधीत या कामावर आले. त्यामुळे ज्याला 'मूळ' म्हटले जाते ते घर एका हाताचे नाही.

त्याचा आराखडाही स्वयंभू नाही. मध्यभागी मुख्य वास्तू, तिच्या चार कोपऱ्यांकडे चार उपवास्तू आणि त्यांना जोडणाऱ्या चार वक्र मार्गिका, ही कल्पना सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकार पल्लादिओ याची. ब्रेंटा नदीकाठच्या व्हिला मोचेनिगोसाठी त्याने ती योजली आणि १५७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वास्तुविषयक ग्रंथात तिची रेखाचित्रे दिली. हा व्हिला त्या स्वरूपात कधीच उभा राहिला नाही. केडलस्टनच्या आराखड्यात चारही उपवास्तू योजल्या होत्या. परंतु उत्तरेकडील दोनच बांधल्या गेल्या. एकीत कुटुंबाचा नित्याचा निवास होता, तर दुसरीत स्वयंपाकघर होते. दक्षिणेकडील दोन कागदावरच राहिल्या. पेनने १७८३ मध्ये आपल्या आराखड्यांचा दुसरा खंड प्रसिद्ध केला, त्यात हा अपुरा राहिलेला बेत छापील स्वरूपात उपलब्ध झाला.

कलकत्त्याच्या गव्हर्न्मेंट हाउसचे काम १७९९ ते १८०३ या काळात गव्हर्नर जनरल वेलस्ली याच्या आज्ञेने झाले. त्याचा आराखडा बंगाल इंजिनिअर्सच्या चार्ल्स वायट या कप्तानाचा. हा वायट ज्या घराण्यातला, त्याच घराण्यातील सॅम्युएल वायट केडलस्टन येथे बांधकामाचा देखरेखनीस होता. येथे चारही उपवास्तू उभ्या राहिल्या. दक्षिणेच्या बाजूस पुढे आलेला अर्धवर्तुळाकार स्तंभयुक्त सज्जा, जो पेनच्या बेतात होता आणि केडलस्टन येथे अ‍ॅडमने टाळला, तोही येथे प्रत्यक्षात आला.

पल्लादिओची न बांधलेली कल्पना केडलस्टनने अर्धी बांधली आणि कलकत्त्याने पूर्ण केली, असा हा क्रम आहे. अशा क्रमात कोणत्या इमारतीस मूळ म्हणावे? केडलस्टनला म्हणावे, तर ते स्वतःच एका रेखाचित्राची अपुरी प्रत आहे. रेखाचित्राला म्हणावे, तर त्याच्या अधिक जवळ कलकत्त्याची इमारत जाते. मूळ आणि नक्कल ही जोडी येथे वर्णनासाठीही पुरेशी पडत नाही, मग मूल्यनिर्णयासाठी ती कशी पुरावी?

३. केडलस्टन : घराने धारण केलेला सार्वजनिक वेश

केडलस्टनच्या उत्तरेकडील दर्शनी भागी सहा कोरिंथियन स्तंभांचा भव्य द्वारमंडप आहे. त्यातून आत गेल्यावर संगमरवरी दालन म्हणून ओळखले जाणारे दालन लागते. त्यात दोन्ही बाजूंना मिळून वीस कोरिंथियन स्तंभ असून प्रत्येकाची उंची सुमारे २५ फूट आहे. नाव संगमरवराचे असले तरी स्तंभ अलाबास्टरचे आहेत. अलाबास्टर हा जिप्समच्या जातीचा मऊ, किंचित पारदर्शक व रंगीत शिरांचा दगड. तो पाण्याने झिजतो, म्हणून कोरड्या अंतर्भागातच शोभतो. या दालनाला खिडक्या नाहीत. प्रकाश छतातील झरोक्यांतून खाली येतो. भिंतींतील कोनाड्यांत प्राचीन मूर्तींच्या साच्यातून काढलेल्या प्रतिकृती उभ्या आहेत. रोमन घराच्या मध्यचौकाचा आभास निर्माण करणे हा यामागील हेतू होता.

त्यापलीकडे वर्तुळाकार दिवाणखाना आहे. त्याचा व्यास ४२ फूट व उंची ६२ फूट असून त्यावरील घुमटाचे प्रेरणास्थान रोममधील पँथिऑन हे देवालय आहे. दक्षिणेच्या दर्शनी भागासाठी अ‍ॅडमने रोममधीलच सम्राट कॉन्स्टंटाइनची विजयकमान आदर्श म्हणून घेतली. चार सुटे स्तंभ, त्यांच्या माथ्यावर पुतळे आणि मागे बुटका घुमट, अशी ही रचना आहे. म्हणजे देवालयाचा दिवाणखाना झाला आणि सम्राटाच्या विजयाचे स्मारक बागेकडे पाहणारी भिंत झाले. सार्वजनिक वास्तूंचे तपशील खाजगी घराने अंगावर घेतले, हीच केडलस्टनची मुख्य वास्तुकृती होय.

या दक्षिण भागावर कोरलेल्या लॅटिन लेखात, हे घर लॉर्ड स्कार्सडेलने मित्रांसाठी व स्वतःसाठी बांधले, असा आशय आहे. लेखातील सौजन्य खरे आहे. अठराव्या शतकातच सभ्य अनोळखी प्रवाशांना हे घर आतून दाखविण्याची पद्धत येथे होती. परंतु त्याच काळात घराभोवतीच्या उद्यानाच्या विस्तारासाठी जुने केडलस्टन गाव तेथून हलविण्यात आले आणि हमरस्ताही वळविण्यात आला. गावाचे मध्ययुगीन चर्च तेवढे घराला लागून राहिले. मित्रांची जी यादी या लेखाने गृहीत धरली, तीत गावकरी नव्हते. केडलस्टनचे सौंदर्य पाहताना मोकळ्या हिरवळीकडेही वास्तूचा एक तपशील म्हणूनच पाहावे लागते. कारण ती हिरवळ आपोआप मोकळी झालेली नाही.

कलादृष्ट्या अ‍ॅडमचे यश निर्विवाद आहे. अलाबास्टरच्या शिरांवर वरून पडणारा मंद प्रकाश आणि खिडकीच्या अभावामुळे आलेली गंभीरता यांतून द्रव्य, प्रकाश व प्रमाण यांचा मेळ साधला आहे. मात्र हा मेळ एका विशिष्ट हवामानावर अवलंबून आहे. जेथे सूर्य सौम्य आहे आणि उष्णता ही अडचण नसून गरज आहे, तेथेच बंद भिंतींचे व वरून उजळलेले दालन सुखावह होऊ शकते.

४. कलकत्ता : वाऱ्याने बदललेला अर्थ

बंगालच्या गाळाच्या प्रदेशात बांधकामाचा दगड नाही. तेथील मोठ्या इमारतींचे अंग विटांचे आणि त्वचा चुन्याची असते. गव्हर्न्मेंट हाउसही विटांचेच आहे. येथील संगमरवरी दालनात स्तंभांच्या रांगा आहेत. पण ते स्तंभ डोरिक असून घोटलेल्या चुन्याच्या गिलाव्याने त्यांना संगमरवराची झळाळी दिलेली आहे. केडलस्टनचे अलाबास्टर आणि कलकत्त्याचा चुना यांच्यात तुलना करून दुसऱ्याला खोटे ठरविणे सोपे आहे. या तुलनेला एक प्रतिष्ठित साक्षीदारही लाभला. केडलस्टन येथे जन्मलेला आणि १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय म्हणून कलकत्त्याच्या इमारतीत राहिलेला लॉर्ड कर्झन याने १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, या शासकीय निवासांच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात दोन्ही वास्तूंचा तपशीलवार विचार केला आहे. दोन्ही घरांत राहिलेल्या माणसाचे निरीक्षण म्हणून ते मोलाचे आहे. पण त्याची दृष्टी आपल्या जन्मघराच्या बाजूने झुकलेली असणे स्वाभाविक होते.

चुन्याचा गिलावा हा फसवणुकीचा प्रकार नाही. ती एक स्वतंत्र व अवघड कला आहे. चुना मुरविणे, अनेक थर देणे, ओलसर असतानाच दगडाने घोटून त्याला चकाकी आणणे, आणि पावसाळ्यानंतर त्याची पुन्हा डागडुजी करणे, अशी तिची मोठी प्रक्रिया आहे. विटांमधील ओल बाहेर पडू देण्याचा गुण चुन्यात आहे, म्हणून दमट हवेत तो भिंतीला मानवतो. केडलस्टनच्या छतावरील गिलाव्याचे काम जोसेफ रोझ या कारागिराने केले, हे इतिहासात नोंदलेले आहे. कलकत्त्याच्या इमारतीच्या रूढ वर्णनांत मात्र नाव येते ते वायटचे. चुना घोटणाऱ्या हातांची नावे येत नाहीत. 'नक्कल' या शब्दाने या अनामिकतेवर शिक्कामोर्तब होते, कारण नकलेत कारागिराचे स्वतंत्र योगदान नसते असे समजले जाते.

आराखड्यातील तपशील याहून बोलका आहे. केडलस्टन येथे चार उपवास्तूंची योजना मुख्यतः रचनेच्या समतोलासाठी होती. दोन कमी झाल्या तरी राहणाऱ्यांची गैरसोय झाली नाही. कलकत्त्यात चारही उपवास्तू मुख्य वास्तूपासून सुट्या राहिल्यामुळे प्रत्येकीला तीन बाजूंनी हवा मिळते. वक्र मार्गिकाही वाऱ्याच्या वाटा बनतात. केडलस्टनप्रमाणेच येथेही प्रवेश उत्तरेकडून आहे. त्यामुळे दक्षिणेची बाजू अंतर्गत वापरासाठी मोकळी राहते आणि कलकत्त्यात उन्हाळ्यातील सुखद वारा दक्षिणेकडूनच येतो. केडलस्टनमध्ये अर्धवर्तुळाकार सज्जा वगळला गेला, तर कलकत्त्यात तो मैदानाकडून येणारा वारा अंगावर घेतो. एकच आकृती, पण एका ठिकाणी ती कागदावर शोभते आणि दुसऱ्या ठिकाणी श्वास घेते. आराखड्याच्या उपयुक्ततेचा निकष लावला, तर कलकत्त्याची इमारत केडलस्टनपेक्षा सरस ठरते, असा निर्णय देण्यास प्रत्यवाय नाही.

अर्थात या इमारतीचे दोषही तपशिलातच दिसतात. केडलस्टन येथे स्वयंपाकघरासाठी एक संपूर्ण उपवास्तू होती. कलकत्त्यात चार उपवास्तू असूनही स्वयंपाकघर मुख्य इमारतीच्या बाहेर राहिले. बाह्यरूपात चारही बाजूंनी समतोल साधण्याच्या हट्टापायी घर चालविणाऱ्यांच्या कामाचा विचार मागे पडला. प्रवेशद्वारांच्या कमानी लंडनजवळील सायन हाउस येथील अ‍ॅडमच्या सिंहद्वारावरून घेतल्या आहेत. सायन येथे ती रचना नाजूक व सपाट आहे. कलकत्त्यात ती जड झाली असून तिचा हेतू येणाऱ्याला थबकविणे हा आहे. येथे 'नक्कल' हा शब्द योग्य ठरतो, कारण येथे तपशिलाने नवे काम पत्करलेले नाही. केवळ आवाज मोठा केला आहे.

५. सत्तेचे वाचन आणि त्याची मर्यादा

वसाहतकालीन वास्तूंकडे सत्तेच्या भाषेत पाहण्याची पद्धत थॉमस मेटकाफ यांच्या १९८९ मधील 'अ‍ॅन इम्पीरियल व्हिजन' या ग्रंथानंतर अभ्यासकांत दृढ झाली. गव्हर्न्मेंट हाउसच्या बाबतीत हे वाचन अटळ आहे. इमारतीवर सुमारे ६३ हजार पौंड खर्च झाले. व्यापारी कंपनीच्या संचालकांना हा खर्च रुचला नाही. वेलस्लीच्या एकूण उधळपट्टीविषयी आणि युद्धधोरणाविषयी त्यांची नाराजी वाढत गेली आणि १८०५ मध्ये तो परत गेला. राज्यकर्त्याने पेढीवाल्यासारखे राहू नये, असे समर्थन त्या काळी पुढे आले. म्हणजे इमारतीचा हेतूच दिपविण्याचा होता, हे तिच्या समर्थकांनीही नाकारले नाही.

तथापि सत्तेचे वाचन पुष्कळदा दर्शनी भागावर थांबते. स्वाती चट्टोपाध्याय यांनी २००५ मधील 'रिप्रेझेंटिंग कॅलकटा' या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे वसाहतकालीन कलकत्त्यातील घरांचे आराखडे बारकाईने पाहिले की वेगळे चित्र दिसू लागते. एकमेकांत उघडणारी दालने, दारांची मोठी संख्या आणि सतत ये-जा करणारे नोकर यांमुळे युरोपीय खाजगीपणाची कल्पना तेथे टिकवता येत नव्हती. दर्शनी स्तंभ जे सांगतात त्याला आतील दारे छेद देतात. समीक्षकाने दोन्ही ऐकले पाहिजे. केवळ स्तंभ पाहणाऱ्याला सत्ताधाऱ्याने जे दाखवायचे ठरविले तेवढेच दिसते. मग त्याची स्तुती केली काय किंवा निंदा केली काय, पाहण्याची मर्यादा तीच राहते.

६. मुंबईचा टाउन हॉल : तपशील लोकांचा होतो तेव्हा

केडलस्टन हे घर होते आणि त्याने सार्वजनिक वास्तूचा वेश घेतला. गव्हर्न्मेंट हाउस हे शासनाचे ठिकाण होते आणि त्याने घराचा आराखडा घेतला. मुंबईचा टाउन हॉल मात्र आरंभापासून सार्वजनिक इमारत म्हणूनच कल्पिला गेला. या तुलनेत म्हणूनच त्याला स्थान आहे. बॉम्बे इंजिनिअर्सच्या थॉमस काउपर याचा हा आराखडा. निधी उभारण्यासाठी आरंभी सोडतीचा मार्ग अवलंबिला गेला, नंतर सरकारने भार उचलला आणि १८३३ मध्ये इमारत पूर्ण झाली. आठ डोरिक स्तंभांचा द्वारमंडप आणि त्याकडे नेणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या हे तिचे ठळक वैशिष्ट्य आहे.

ग्रीक देवालयाची ही आकृती इमारतीच्या पश्चिमेस आहे. पश्चिमेकडून दुपारचे ऊन आणि पावसाळ्यातील झड, दोन्ही तिच्यावर येतात. म्हणून खिडक्यांवर लाकडी झडपांच्या छपऱ्या आल्या. ग्रीक देवालयाच्या व्याकरणात या छपऱ्यांना जागा नाही, पण मुंबईत त्यांच्याविना खिडकी उघडता आली नसती. शुद्ध शैलीच्या आग्रही समीक्षकाला त्या उपऱ्या वाटतील. वस्तुतः इमारत मुंबईची आहे हे सांगणारा तपशील तोच आहे.

दुसरा तपशील मूर्तींचा. केडलस्टनच्या कोनाड्यांत प्राचीन मूर्तींच्या प्रतिकृती आहेत. टाउन हॉलमध्ये शिल्पकार चँट्री याने घडविलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम या गव्हर्नरांचे संगमरवरी पुतळे आहेत. पुढे त्याच वास्तूत जगन्नाथ शंकरशेट यांचाही पुतळा आला. ज्या एशियाटिक सोसायटीचे हे निवासस्थान, तिचे सभासदत्व हिंदी माणसाला दीर्घकाळ मिळत नव्हते. १८४० मध्ये माणेकजी कर्सेटजी यांना ते मिळाले. स्तंभ, पायऱ्या व पुतळ्यांची संगमरवरी भाषा बदलली नाही. परंतु त्या भाषेत ज्यांच्याविषयी बोलले जाते ती माणसे बदलली. आज त्या पायऱ्यांवर वाचक व विद्यार्थी बसतात. द्वारमंडपाची योजना येणाऱ्याला लहान वाटावे म्हणून झाली असेल. वापराने तिचा ओटा झाला आहे. केडलस्टनच्या शिलालेखातील मित्रांची यादी येथे कोणी कोरली नाही, म्हणूनच ती वाढू शकली.

७. जतनाचा प्रश्न

या विवेचनाचा संबंध केवळ रसास्वादाशी नाही. बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा इमारतींची नियमावली लागू झाली, आणि २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. केडलस्टन १९८७ पासून इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टकडे आहे. कलकत्त्याची इमारत स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ 'राजभवन' या नावाने ओळखली गेली. इमारती टिकाव्यात याविषयी आता फारसे दुमत नाही. दुमत आहे, किंबहुना अनास्था आहे, ती तपशिलाविषयी.

ज्या इमारतींना वारसा म्हणून संरक्षण नाही, त्या जुन्या शासकीय कचेऱ्या, शाळा व महाविद्यालये यांच्या दुरुस्तीत हे विशेष जाणवते. चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा थर दिला की भिंतीतील ओल कोंडते, क्षार फुटतात आणि काही वर्षांत गिलावा फुगून गळतो. लाकडी झडपा काढून सरकत्या काचा बसविल्या की वारा अडतो आणि पंख्यांची संख्या वाढवावी लागते. दुरुस्तीनंतर इमारतीचा आकार तोच राहतो, शैलीचे नावही तेच राहते. फक्त ती ज्यामुळे येथील होती तो भाग नाहीसा होतो. ज्या समीक्षेने स्तंभालाच वास्तू मानले आणि छपरी, झडप व चुना यांना किरकोळ ठरविले, तिच्याकडेही या हानीच्या जबाबदारीचा काही अंश जातो.

८. समारोप

तीन इमारतींच्या तुलनेतून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की 'नक्कल' हा संपूर्ण इमारतीविषयीचा निर्णय असू शकत नाही. तो एकेका तपशिलाविषयी, कारण देऊनच, करावा लागतो. गव्हर्न्मेंट हाउसचे सिंहद्वार नक्कल आहे, त्याच्या चार उपवास्तू नाहीत. दुसरा, तपशिलाचे मूल्य त्याच्या उगमावर अवलंबून नसून तो नव्या ठिकाणी कोणते काम करतो यावर अवलंबून असते. तिसरा, सुंदर तपशिलालाही त्याची किंमत कोणी मोजली हे विचारता येते. केडलस्टनच्या हिरवळीला जसे ते विचारता येते, तसेच कलकत्त्याच्या चकाकणाऱ्या स्तंभांनाही.

वास्तुकला हा विषय केवळ स्थापत्य महाविद्यालयांचा नाही. इतिहास, समाजशास्त्र, साहित्य आणि भूगोल या सर्व विषयांच्या अध्यापनाला जुन्या इमारती हे हाताशी असलेले साधन आहे. राज्यातील कित्येक महाविद्यालये स्वतःच अशा इमारतींत भरतात. त्यांच्या भिंतींचा चुना, खिडक्यांच्या झडपा आणि जोत्याची उंची यांची नोंद त्या त्या महाविद्यालयातील अध्यापक व विद्यार्थ्यांनी करून ठेवली, तर पुढील दुरुस्तीच्या वेळी काय राखायचे हे सांगण्यासाठी निदान एक कागद हाती असेल.